गोव्यातील भाड्याची मोटार

गोव्यात स्वतः चालविण्यासाठी मोटार भाड्याने घेणाऱ्या प्रवाशाने प्रथम तिची नंबरपाटी न्याहाळावी. कारण काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या वाहनासच तसा परवाना असतो, आणि पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्त मिळाली तरी तो व्यवहार बेकायदा असल्याने अपघातसमयी विमा कंपनी नुकसानभरपाई नाकारू शकते. करारनाम्यावर दस्तखत करण्यापूर्वी अनामत रक्कम, तिच्या परतीची मुदत व दैनिक किलोमीटरची मर्यादा लेखी करून घ्यावी. दारावरचे ओरखडे, बंपरचा पोचा, स्टेपनी आणि इंधनाचा काटा यांचे मालकासमक्ष मोबाइलवर चित्रण केले, म्हणजे जुन्या पोच्याचा भुर्दंड नव्या गिऱ्हाइकाच्या माथी मारण्यास वाव उरत नाही. सीमा ओलांडून सावंतवाडीस जाण्याचा बेत असल्यास तशी मुभा आधीच मागावी.