नवतपा सोसणारा घरचा संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणकप्रणालीचे नियमित सुरक्षा-पाठबळ मायक्रोसॉफ्टने थांबवले, आणि अनेक घरांतल्या व पेढ्यांवरच्या जुन्या संगणकाचा प्रश्न ऐरणीवर आला. विंडोज ११ ही पुढची प्रणाली इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे इमानेइतबारे जीएसटीची विवरणपत्रे भरणारा, मुलांचे प्रकल्प छापून देणारा संगणक धडधाकट असूनही निवृत्तीला आला. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील कुटुंबांपुढे आता तीन वाटा आहेत : लॅपटॉप घेणे, कंपनीचा तयार डेस्कटॉप घेणे, किंवा सुटे भाग निवडून आपल्या गरजेचा संगणक जुळवून घेणे. तिसरी वाट बहुधा किफायतशीर ठरते. मात्र निवडीची जबाबदारी तीत ग्राहकावर येते, आणि त्या निवडीचा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा लागतो.

भागांची यादी सर्वसाधारणपणे प्रोसेसरपासून सुरू होते. कोणता प्रोसेसर, किती कोअर, किती वेग, यावर घरातील तरुण मंडळी आठवडाभर चर्चा करतात. अंदाजपत्रकाचा मोठा हिस्सा तिथे संपतो आणि शेवटी उरलेल्या रकमेत कॅबिनेट, एसएमपीएस व यूपीएस ‘बसवून’ घेतले जातात. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत हा हिशेब कदाचित चालून जाईल. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या, विजेचा दाब खालीवर होणाऱ्या आणि कापसाच्या हंगामात हवेत तंतू तरंगणाऱ्या वर्धा जिल्ह्यात तो चालत नाही. येथे यादीची सुरुवात भिंतीवरच्या प्लगपासून करावी आणि प्रोसेसरपर्यंत शेवटी यावे.

घरी चालवायच्या यंत्राच्या अटी आधी ठरवाव्यात आणि मग यंत्र शोधावे, ही पद्धत वर्धेकरांना नवी नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा त्याच्या अटी एखाद्या निविदेसारख्या काटेकोर होत्या. यंत्र हलके व सहज नेता येण्याजोगे असावे, खेड्यातल्या झोपडीत हाताने वा पायाने चालावे, किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये, वेळच्या वेळी देखभाल केल्यास ते किमान वीस वर्षे टिकावे आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होऊ नये. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पुढे ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते वर्ध्यात मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तेथे चरख्याची नाना रूपे आजही पाहता येतात. वीस वर्षांची अट कोणताही संगणक पुरी करणार नाही, परंतु पाच टक्क्यांची अट आजही उत्तम कसोटी आहे. पन्नास हजारांच्या संगणकावर वर्षाला अडीच हजारांहून अधिक खर्च होऊ लागला, तर भागांच्या निवडीतच काही तरी चुकले आहे, असे खुशाल समजावे.

तेव्हा आधी भिंत. जुन्या घरांत तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन अनेकदा नावालाच असते. तिच्यामागे अर्थिंगची तार नसते, किंवा असली तरी जमिनीतला खड्डा कोरडा ठणठणीत असतो. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये विजेतील खरखर गाळणारे छोटे कपॅसिटर असतात व ते आवरणाला, म्हणजे पर्यायाने अर्थिंगला, जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्याच्या कॅबिनेटवर जवळजवळ निम्मा दाब येऊन बसतो. अनवाणी माणसाने हात लावताच ज्या झिणझिण्या येतात, त्या याच. ‘संगणक करंट मारतो’ म्हणून यंत्राला दोष दिला जातो. दोष असतो घराच्या वायरिंगचा. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असणे बरे. खड्ड्यात मीठ-कोळसा नव्याने घालून उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओतत राहणे, हा संगणकासाठी होणारा सर्वांत स्वस्त खर्च आहे. तो कोणत्याही दुकानाच्या कोटेशनमध्ये दिसत नाही, हे वेगळे.

त्यानंतर एसएमपीएस. विजेचा दाब २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली असावा, असा संकेत आहे. खेड्यात ओलिताच्या दिवसांत मोटारी सुरू झाल्या की तो बराच खाली जातो आणि पहाटे वर चढतो, हा अनुभव शेतकरी कुटुंबांना नवा नाही. म्हणून १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालणारा एसएमपीएस घ्यावा. केवळ २०० ते २४० लिहिलेला टाळावा. स्वस्त कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसवर पाचशे वॅट छापलेले असले, तरी ते वॅट प्रत्यक्षात मिळतीलच याची खात्री नसते. ‘८० प्लस ब्राँझ’ प्रमाणपत्राचा साडेचारशे वॅटचा नामांकित एसएमपीएस घरगुती कामाला पुरून उरतो. या प्रमाणपत्राचा अर्थ इतकाच की, निम्म्या भाराला तो घेतलेल्या विजेपैकी किमान ८५ टक्के वीज कामी लावतो. उरलेल्या विजेची उष्णता होते, आणि उष्णता ही वर्धेत आधीच पुरेशी आहे. स्वतंत्र ग्राफिक कार्ड नसलेला संगणक पडद्यासह साधारण शंभर वॅटच्या आसपास वीज घेतो. रोज सहा तास चालवल्यास महिन्याला अठरा युनिट. हजार वॅटचा एसएमपीएस घेणे म्हणजे चौघांच्या कुटुंबासाठी लक्झरी बस ठेवण्यासारखे आहे.

यूपीएसवर सहाशे व्हीए लिहिलेले असते, ते सहाशे वॅट नव्हेत. बहुधा ३६० वॅट असतात. वीज गेल्यावर काम जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटे मिळाली, की त्याचे काम झाले. त्याच्या आतील शिशाच्या बॅटरीला मात्र आपला उन्हाळा मानवत नाही. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना अशा बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. म्हणून यूपीएस टेबलाखाली, भिंतीपासून थोडा दूर आणि जमिनीलगत गारव्यात ठेवावा, आणि दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलण्याचे हजारेक रुपये वर सांगितलेल्या पाच टक्क्यांत धरून ठेवावेत. घरात इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे ना, हे पाहावे; स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखे व दिवे चालतात, परंतु यूपीएस वारंवार ओरडत राहतो.

आता उष्णता. संगणकाचा पंखा हवा थंड करीत नाही, तो फक्त खोलीतील हवा आत ओढतो. खोली पंचवीसऐवजी चाळीस अंशांवर असेल तर आतला प्रत्येक भाग साधारण तेवढ्याच, म्हणजे पंधरा अंशांनी, अधिक तापतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. म्हणजेच जानेवारीत ज्या वेगासाठी जास्तीचे पैसे मोजले, तो नवतप्यात मिळत नाही. यास्तव समोरून काचेने बंद केलेले, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट घेण्यापेक्षा पुढे जाळी, तिच्यामागे धुता येणारी गाळणी, एक पंखा हवा आत घेणारा आणि मागे एक बाहेर फेकणारा, असे साधे कॅबिनेट पत्करावे. ज्यांच्या घराजवळ जिनिंग आहे त्यांनी गाळणी दर पंधरवड्याला झटकावी. कापसाचा तंतू हीटसिंकच्या पात्यांवर बसला की तो गोधडीसारखे काम करतो. आणि कॅबिनेट वाळ्याच्या कूलरसमोर कदापि ठेवू नये. ती हवा माणसाला सुखावते, पण तिच्यातील बाष्प व क्षारयुक्त पाण्याचे तुषार मदरबोर्डला गंजवतात.

एवढे झाल्यावर प्रोसेसरकडे वळावे, आणि वळल्यावर थोडक्यात आटपावे. टॅली, एक्सेल, ऑनलाइन वर्ग, सीएच्या अभ्यासक्रमाची व्याख्याने आणि मराठी टंकलेखन यांसाठी इंटेलचा आय३-१२१०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी यांच्या तोडीचा प्रोसेसर पुरेसा आहे. दोन्हींत चित्र दाखवण्याची सोय अंतर्भूत असल्याने वेगळे ग्राफिक कार्ड लागत नाही. येथे अक्षरांकडे बारकाईने पाहावे. इंटेलच्या क्रमांकापुढे ‘एफ’ असेल तर ही सोय नसते; ५६०० पुढे ‘जी’ नसेल तरी नसते. अशा एका अक्षरापायी काही हजारांचे कार्ड गळ्यात पडते. ज्यांच्या घरात स्थापत्यशास्त्राचा किंवा चित्रफीत-संपादनाचा विद्यार्थी आहे, त्यांनी कार्ड जरूर घ्यावे. त्यांचा एसएमपीएसही मग वरच्या क्षमतेचा हवा.

मदरबोर्ड निवडताना रॅमची पिढी आधी ठरते, कारण डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय केंद्रांकडे मालाचा ओघ वळला आहे. जुन्या संगणकातील डीडीआर४ रॅम चांगली असेल तर तिच्याभोवती नवा संगणक उभा करणे सध्या शहाणपणाचे ठरते. नवीन घ्यायची असल्यास आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. अंतर्भूत ग्राफिक्सला दोन पट्ट्यांचा फायदा जाणवतो. साठवणीसाठी पाचशे जीबीची एसएसडी पुरे. हिशेबाच्या वह्यांची दुसरी प्रत मात्र बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवून ती कपाटात बंद करावी, कारण वीज कडाडते तेव्हा प्लगला जोडलेली प्रत ही प्रत राहत नाही.

खरेदी वर्ध्यात करावी की पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपुरात, याचे उत्तर किमतीपेक्षा हमीपत्रात शोधावे. जुळवलेल्या संगणकाला एकच हमी नसते; प्रोसेसर व मदरबोर्ड यांना सहसा तीन वर्षे, एसएसडीला तीन किंवा पाच, चांगल्या एसएमपीएसला पाच वा अधिक, अशा निरनिराळ्या मुदती असतात. दोन हजार रुपये वाचवून पुढे दोनदा बसने नागपूर गाठावे लागले, तर ती बचत राहत नाही. ‘एक संगणक संच’ अशा एका ओळीचे बिल स्वीकारू नये. प्रत्येक भागाचे नाव, अनुक्रमांक, किंमत आणि १८ टक्के जीएसटी स्वतंत्र ओळीत लिहून घ्यावा. नोंदणीकृत व्यापाऱ्याने धंद्यासाठी घेतल्यास, बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक असेल तर, त्या कराची वजावट मिळते आणि आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा धरता येतो. विंडोजचा परवानाही त्याच बिलावर वेगळ्या ओळीत असावा. दुकानदाराने ‘टाकून देतो’ म्हटले आणि बिलात तिचा उल्लेख नसला, तर ती चोरीची प्रत आहे असे धरून चालावे. त्यापेक्षा विनामूल्य लिनक्स बरे. टॅलीसाठी विंडोज हवीच असेल, तर परवान्याची रक्कम पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरावी.