मोबाईलवरचा खेळ आणि फडातले यंत्र

गटकार्यालयाच्या कट्ट्यावर उसाच्या बिलाखालोखाल हल्ली दुसरी तक्रार ऐकू येते ती पोरांच्या मोबाईलची. "पोरगं दिवसभर मान खाली घालून गाड्या पळवतंय, बंदुका उडवतंय, पाण्याची पाळी आली तरी बांधावर यायचं नाव नाही." तक्रार खोटी नाही. पण त्याच कट्ट्यावर, तीच मंडळी, घटकाभराने दुसरे गाऱ्हाणे सांगतात : तोडणीला टोळी मिळत नाही, यंत्र आणावे तर त्यावर हाताचा चांगला ऑपरेटर मिळत नाही. या दोन गाऱ्हाण्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे काय, एवढेच सभासद बंधू-भगिनींपुढे मांडायचे आहे.

खेळातून काम शिकणे आपल्याला नवे नाही. बेंदराला मातीचे बैल करणारे पोर बैलाची ठेवण शिकते. जोंधळ्याच्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्या पोराचा नेम काही शाळेत तयार झालेला नसतो. मात्र त्या गोष्टींकडे आपण कौतुकाने पाहतो आणि मोबाईलकडे रागाने, कारण मोबाईलमधून पोर नेमके काय शिकते ते आपल्याला दिसत नाही. ते पाहायचे असेल तर जरा लांबून, अमेरिकेतून, सुरुवात करावी लागेल.

न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचे गाव आहे. तिथे एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गन म्हणजे आपल्या भजनातल्या पेटीचा थोरला भाऊ, भात्याच्या हवेवर चालणारा. पोराला वेड विमानाचे, आणि विमान शिकणे म्हणजे खिशाला भोक. त्याने कारखान्यातलेच भाते आणि हवेचे पंप घेतले, त्यांवर विमानाच्या पुढच्या भागासारखी एक छोटी खोकेवजा गाडी बसवली आणि आतली दांडी हलवली की गाडी त्या बाजूला कलेल अशी रचना केली. १९२९ साली हे यंत्र तयार झाले. १९३१ साली त्याला पेटंट मिळाले. त्या पेटंटच्या नावातच 'शिकाऊ वैमानिकांसाठी प्रशिक्षणाचे साधन' आणि 'करमणुकीचे उपकरण' असे दोन्ही शब्द आहेत. विमान शिकवणाऱ्यांनी ते फारसे मनावर घेतले नाही. सुरुवातीची बरीच यंत्रे गेली करमणुकीच्या बागांत. आपल्याकडे जत्रेत पाळणा असतो तशी. लोक नाणे टाकत, डुलत, हसत घरी जात.

मग १९३४ चा फेब्रुवारी उजाडला. अमेरिकन सरकारने टपाल वाहून नेण्याचे काम खासगी कंपन्यांकडून काढून लष्करी वैमानिकांकडे दिले. दिवस हिवाळ्याचे, धुके, बर्फ, रात्रीचे उड्डाण. आणि या वैमानिकांना जमीन दिसत नसताना केवळ काट्यांकडे पाहून विमान चालवण्याची सवय नव्हती. काही आठवड्यांतच एकामागून एक वैमानिक दगावले. तेव्हा लष्कराला त्या जत्रेतल्या खोक्याची आठवण झाली. ते यंत्र पाहायला अधिकारी विमानतळावर जमले, पण हवा इतकी वाईट की लिंक येणार नाही असे धरून ते निघण्याच्या बेतात होते. तेवढ्यात धुक्यातून लिंकचे विमान उतरले. तो काट्यांवर नजर ठेवून आला होता. लष्कराने सहा यंत्रे घेतली, एकेक साडेतीन हजार डॉलरला. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्याच निळ्या खोक्यात बसून शिकले.

आता इथे थांबून नीट पाहिले पाहिजे. त्या खोक्याने वैमानिक 'हुशार' झाले काय? तसे नव्हे. त्याने एकच गोष्ट शिकवली : धुक्यात आपले शरीर खोटे सांगते, काटा खरे सांगतो. विमान कललेले असताना माणसाला सरळ बसल्यासारखे वाटते. ही खोड जमिनीवर, जीव न गमावता, शंभर वेळा चुकून मोडता आली. खेळातला हात कामाला आला तो एवढ्यासाठीच, की खेळातली अडचण आणि कामातली अडचण एकच होती.

हीच गोष्ट पुढे डॉक्टरांच्या बाबतीत दिसली. दुर्बिणीने पित्ताशयाचे किंवा अपेंडिक्सचे ऑपरेशन आपल्यापैकी अनेकांच्या घरात झालेले असेल. त्यात पोटाला लहान भोके पाडून लांब दांड्याची हत्यारे आत घालतात. डॉक्टर पोटाकडे पाहत नाही, समोरच्या पडद्याकडे पाहतो. भोकाच्या टेकूवर हत्यार फिरत असल्याने हात डावीकडे नेला की आतले टोक उजवीकडे जाते. न्यूयॉर्कमधल्या ३३ शल्यचिकित्सकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळले होते त्यांच्या सरावाच्या कामात ३७ टक्के चुका कमी झाल्या आणि काम २७ टक्के लवकर झाले. हे आकडे जगभर गाजले. पण शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर त्यात एक शंका राहते : ज्याचा हात मुळातच चपळ, तोच पोरपणी खेळाकडे ओढला गेला असेल तर? चांगल्या रानात चांगले बेणे लावले आणि श्रेय सगळे खताला दिले, तसा हा प्रकार होऊ शकतो.

ही शंका फेडायची तर न खेळणाऱ्याला खेळायला लावून पाहावे लागते. अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठात शॉन ग्रीन आणि डाफ्ने बॅव्हेलिए यांनी ते केले. निष्कर्ष २००३ साली 'नेचर'मध्ये आले. खेळाची सवय नसलेल्या माणसांचे दोन गट. एकाला रोज तासभर, दहा दिवस, धावपळीचा लढाईचा खेळ दिला. दुसऱ्याला टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे जुळवण्याचा खेळ. दहा दिवसांनी पहिल्या गटाची नजर एकाच वेळी अनेक ठिकाणी ठेवण्याची ताकद वाढलेली आढळली. दुसऱ्या गटात तशी वाढ दिसली नाही. दोन्ही खेळच, दोन्ही पडद्यावरचेच. पण लढाईच्या खेळात चारी बाजूंना लक्ष ठेवावे लागते, ठोकळ्यांच्या खेळात एका वेळी एकाच ठोकळ्याकडे.

तेव्हा 'मोबाईल चांगला की वाईट' असा प्रश्न करणे म्हणजे 'औषध चांगले की वाईट' विचारण्यासारखे आहे. कोणते, कशावर, किती, हे आधी विचारले पाहिजे. 'आमचा खेळ खेळा, स्मरणशक्ती वाढेल, शाळेत गुण वाढतील' अशा जाहिराती करणाऱ्या ल्युमॉसिटी या अमेरिकन कंपनीला २०१६ साली तिथल्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेच्या कारवाईनंतर वीस लाख डॉलर मोजावे लागले, कारण दाव्याला पुरेसा आधार नव्हता. सर्व रोगांवर एक बाटली विकणारे आपण बाजारात पाहतोच.

आता आपल्या फडात येऊ. ऊसतोडणी यंत्राच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे काम कधी जवळून पाहिले आहे काय? हाताशी दांड्या आणि बटणे. पुढे सरीची ओळ धरायची. खाली बुडखा तोडणाऱ्या पात्यांची उंची राखायची : वर राहिली तर साखरेचा सर्वांत भरलेला भाग रानात राहतो, खाली गेली तर माती कारखान्यात येते आणि खोडव्याचे बुडखे उखडतात. पंख्याचा वेग बघायचा, कमी पडला तर पाचट मोळीगत ट्रॉलीत, जास्त झाला तर उसाचे तुकडेच उडून जातात. शेजारून चालणारी ट्रॉली मागे-पुढे झाली की माल जमिनीवर. आणि हे सगळे एकाच वेळी. सभासदाच्या टनेजचे आणि पुढच्या खोडव्याचे नशीब त्या दोन हातांत असते. साडेचार-पाच फुटांची सरी सोडून आपण यंत्रासाठी रान तयार करतो, पण ऑपरेटर कच्चा असला तर वजावटीचा कागद हातात पडल्यावर बोलून काय उपयोग?

दांडी हलवली की पुढे काय हलते याचा अंदाज, नजर चार ठिकाणी ठेवणे, हात न पाहता चालवणे, या गोष्टी रोज खेळणाऱ्या पोराच्या हातात बऱ्याच अंशी आलेल्या असतात. त्याला केबिनमध्ये बसवले तर पहिल्या आठवड्यातले अवघडलेपण कमी असेल, असे मानायला जागा आहे. त्यापुढचे मात्र त्याला खेळ देत नाही.

याचे गमतीदार उदाहरण म्हणजे 'फार्मिंग सिम्युलेटर' हा स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेला खेळ. २००८ साली तो निघाला आणि २०१७ पासून त्यात ऊससुद्धा आहे! लागणीचे यंत्र आहे, तोडणीचे यंत्र आहे, तोडल्यावर खोडवाही फुटतो. फक्त ऊस मोजतात लिटरवर, आणि माल टाकला की पैसे लगेच जमा. एफआरपी नाही, वजनकाट्याची रांग नाही, सर्वसाधारण सभा तर नाहीच. ट्रॅक्टर कडेला वळवताना किती जागा लागते, कर्ज काढून यंत्र घेतले तर हप्ता फिटायला किती रान लागते, हे पोराला त्यातून कळू शकते. पण हुमणी लागलेल्या उसाचा बुडखा हलवून पाहणे, ओल हातात घेऊन वाफसा ठरवणे, हे पडद्यावर नाही. ते बापाबरोबर रानात गेल्याशिवाय येत नाही.

दुसरी उणीव याहून मोठी. खेळात जीव जात नाही. इंग्लंडचा जान मार्डनबरो 'ग्रान टुरिस्मो' हा मोटार-शर्यतीचा खेळ घरात खेळत होता. २०११ साली त्या खेळाच्याच स्पर्धेतून त्याची निवड झाली, त्याला खऱ्या गाडीचे शिक्षण मिळाले, आणि २०१३ साली ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या गटात तिसरा आला. खेळातला हात खऱ्या चाकावर चालतो याचा याहून पक्का दाखला क्वचितच सापडेल. पण २०१५ साली जर्मनीतल्या एका शर्यतीत त्याची गाडी चढावर हवेत उडाली, कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक मृत्युमुखी पडला. दोष कुणाचा हा इथे प्रश्न नाही. खेळात गाडी उलटली तर बटण दाबून पुन्हा उभी राहते. चालू यंत्रात अडकलेला ऊस हाताने ओढायला जाणाऱ्याला तसे बटण नसते. म्हणून खेळून तयार झालेल्या पोराला यंत्रावर बसवताना पहिला धडा यंत्र बंद करण्याचा द्यावा, आणि तो त्याच्या अंगी मुरल्याशिवाय दुसरा देऊ नये.

पैसे लावून खेळायच्या खेळांबद्दल दोन शब्द वेगळे बोलले पाहिजेत. रमी असो, क्रिकेटचे संघ लावणे असो, त्यात हाताला काही मिळत नाही, खात्यातून मात्र जाते. बिल जमा झाले आणि पोराने मोबाईलवरून घालवले, ही बोलणी गावोगाव झाली आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाईन खेळांना बंदी करणारा कायदा केला. त्यात असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तेव्हा घरातले पोर फसले असेल तर लपवून ठेवण्याचे कारण नाही. साध्या खेळाचेही व्यसन जडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत त्याची नोंद आहे. लक्षणे सोपी आहेत : थांबायचे ठरवून थांबता येत नाही, खेळापुढे जेवण-झोप-काम मागे पडते, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो. साधारण वर्षभर असे चालले तर डॉक्टरला दाखवावे, काठी काढू नये.

पोराचा किंवा पोरीचा हात खरेच चालत असेल, तर आज सर्वांत जवळचे काम फवारणीच्या ड्रोनचे आहे. ऊस डोक्यावर गेला की पाठीवरचा पंप घेऊन सरीत शिरता येत नाही, हे सांगायला नको. ड्रोनच्या रिमोटवर दोन दांड्या असतात. बहुतेक रिमोटवर डावीने वर-खाली आणि गिरकी, उजवीने पुढे-मागे आणि बाजूला. ड्रोन आपल्यापासून दूर जात असतो तोवर सगळे सोपे. तो तोंड फिरवून आपल्याकडे येऊ लागला की डावे उजवे होते, आणि नवशिका नेमका तिथेच बांधावरच्या झाडात घालतो. म्हणून प्रशिक्षणात खरा ड्रोन हातात देण्याआधी संगणकाच्या पडद्यावर तो उडवायला लावतात. ज्याने लहानपणापासून पडद्यावरची गाडी समोरून येताना वळवलेली आहे, त्याला ही उलटापालट समजावून सांगावी लागत नाही. बोटे आपोआप फिरतात.

यासाठी २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे वय १८ ते ६५, शिक्षण दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण लागते. त्यावर रिमोट पायलटचे प्रमाणपत्र मिळते. बचत गटातल्या महिलांसाठी केंद्राची 'नमो ड्रोन दीदी' योजना २०२३ साली मंजूर झाली; तिच्यात ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठरवलेले आहे. तेव्हा ज्या घरात मोबाईलवर गाड्या पळवणारी मुलगी आहे, त्यांनी तिचा दहावीचा दाखला नीट जपून ठेवावा.