कारागिरांच्या मनातले कळावे कसे?
छोट्या कारखानदारांसाठी पाहणीची सोपी पद्धत

शीळफाट्याला चार दिशांचे रस्ते येऊन मिळतात. मुंब्रा-ठाण्याचा, कल्याण-डोंबिवलीचा, महापेचा आणि पनवेलचा. या रस्त्यांच्या कडेने फर्निचरचे कारखाने, भंगाराची गोदामे, गॅरेज, वेल्डिंगची आणि फॅब्रिकेशनची दुकाने उभी आहेत. त्यांत आपल्या समाजातील व्यापारी आणि कारागीर मोठ्या संख्येने आहेत. माल कुठून आणावा, कोणाला उधार द्यावे, भाव कधी चढतो, हे सारे या व्यापाऱ्याला तोंडपाठ असते. पण आपल्याच शेडमध्ये दहा-दहा तास राबणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे, हे मात्र त्याला बहुधा शेवटी कळते. चांगला पॉलिशवाला ईदला गावी जातो आणि परतून शेजारच्या शेडमध्ये कामाला लागतो, तेव्हा शेठ म्हणतो, “अरे, सांगितले असते तर!”

प्रश्न असा आहे की त्याला सांगण्याची सोय होती काय?

मोठ्या कंपन्यांत यासाठी कर्मचाऱ्यांची पाहणी, म्हणजे सर्वे, करतात. आपल्याकडे बारा-पंधरा माणसे, आपल्याला त्याचे काय काम, असे अनेकांना वाटेल. वास्तविक जिथे मालक आणि कारागीर एकाच छपराखाली असतात, तिथे तोंडावर बोलणे अधिक अवघड असते. उचल मालकाकडून घेतलेली, झोपायची जागाही मालकाचीच, आणि कामावर लावणारा मुकादम गावचाच. अशा माणसाला “काही तक्रार आहे का?” असे विचारले, तर “नाही शेठ, सब ठीक है” याशिवाय दुसरे उत्तर मिळणार नाही.

शिकागोचा अनुभव

या विषयातील सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात झाला. १९२८ ते १९३० या काळात तेथे सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न विचारले जात. कामगार त्यांची तुटक उत्तरे देत आणि भलत्याच विषयावर बोलू लागत. तेव्हा १९२९ मध्ये पद्धत बदलली. विचारणाऱ्याने कमी बोलावे आणि कामगाराला हव्या त्या विषयावर बोलू द्यावे, असे ठरले. अर्ध्या तासाची मुलाखत मग तास-दीड तास चालू लागली. तक्रार वरवर एका गोष्टीची असते आणि मूळ दुखणे दुसरेच असते, हे या मुलाखतींतून दिसून आले.

पुढे १९३२ मध्ये रेन्सिस लायकर्ट याने “पूर्ण सहमत” ते “पूर्ण असहमत” अशी पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. आजही बहुतेक पाहण्यांत तीच वापरतात. छोट्या व्यापाऱ्याने या दोघांकडून एकेक गोष्ट घ्यावी. थोडे प्रश्न मोजता येतील असे ठेवावेत आणि एक प्रश्न मोकळा सोडावा.

डबे आणि रंगीत चकत्या

आपल्याकडे पुष्कळ कारागिरांना लिहिता येत नाही. कोणी हिंदी वाचतो, कोणी उर्दू, कोणी मराठी. शिवाय पंधरा माणसांत अक्षरही ओळखू येते. म्हणून कागदाऐवजी डबे वापरावेत. सहा रिकामे डबे घेऊन त्यांवर चित्रे काढावीत आणि प्रत्येकाला एक प्रश्न ठरवून द्यावा :

१. कागद : काय करायचे ते काम सुरू होण्यापूर्वी नीट समजते का?
२. तुटलेली फळी : चूक झाली तर ती न घाबरता सांगता येते का?
३. रुपया : उचल किती वजा झाली, बाकी किती, हा हिशेब समजतो का?
४. वायर : मशीन किंवा वायर बिघडल्याचे सांगितले तर दुरुस्ती होते का?
५. मटका : पाणी, पंखा, संडास, झोपायची जागा ठीक आहे का?
६. दोन माणसे : मुकादम आपले म्हणणे मालकापर्यंत पोचवतो का?

प्रत्येकाला हिरव्या, पिवळ्या आणि लाल पुठ्ठ्याच्या सहा-सहा चकत्या द्याव्यात. हिरवी म्हणजे होय, पिवळी म्हणजे कधी कधी, लाल म्हणजे नाही. डब्यांपुढे पडदा लावावा. एकेकाने आत जाऊन प्रत्येक डब्यात एकच चकती टाकावी आणि उरलेल्या पडद्याआडच एका मोठ्या पोत्यात टाकाव्यात. हे पोते विसरू नये. उरलेल्या चकत्या हातात घेऊन माणूस बाहेर आला, तर त्याने काय टाकले ते सर्वांना कळेल.

प्रश्न समजावून सांगणारा माणूस मालक नसावा, मालकाचा मुलगा नसावा आणि मुकादम तर मुळीच नसावा. ओळखीचे शिक्षक किंवा दुसऱ्या धंद्यातील विश्वासू माणूस चालेल. बाया कामाला असतील तर त्यांच्यासाठी बाईच असावी. त्याच माणसाने मग प्रत्येकाला एकांतात विचारावे : “तू शेठ असतास तर आधी काय बदलले असतेस?” आणि मध्ये न बोलता ऐकावे. मालकाला मुद्दा कळवावा, नाव कळवू नये.

उत्तरे कशी वाचावीत

समजा, १८ कारागीर आहेत आणि रुपयाच्या डब्यात ११ लाल चकत्या निघाल्या. मालकाने लगेच “मजुरी कमी वाटते” असा अर्थ काढू नये. प्रश्न मजुरीचा नव्हता, हिशेब समजण्याचा होता. उचलीची वही फक्त मुकादमाकडे असेल, तर प्रत्येकाला एक छोटी वही देऊन दर आठवड्याला आकडा लिहून दिला की पुष्कळ संशय मिटतो. खर्च एका वहीचा.

मोकळ्या प्रश्नात “खाडा कापतात” असे दोघा-तिघांनी सांगितले, तर त्यामागचे कारण शोधावे. दिवा किंवा डोंबिवली स्टेशनवरून येणारा माणूस फाट्यावरच्या कोंडीत अडकला आणि त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी गेली, असे असू शकेल. मग वेळ अर्ध्या तासाने पुढे घेऊन संध्याकाळी भरून घेता येईल.

एक पथ्य पाळावे. पाचपेक्षा कमी माणसांच्या विभागाची उत्तरे वेगळी काढू नयेत. पॉलिशला चारच जण असतील आणि त्यांचे डबे वेगळे ठेवले, तर गुप्तता राहिलीच नाही.

वायरचा डबा आधी

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी झालेले स्फोट या भागातील कोणी विसरलेले नाही. शीळफाट्यालाच ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ जण गेले. त्यांत तिथेच राहणारे मजूर आणि त्यांची लहान मुले होती. सर्वे केल्याने असे अपघात टळतात, असे म्हणता येणार नाही. पण थिनरचे डबे, लाकडाचा भुसा आणि उघडी वायर एकत्र असलेल्या शेडमध्ये धोका प्रथम दिसतो तो तिथे हात घालणाऱ्याला, आणि रात्री तिथेच झोपणाराही तोच असतो. म्हणून चौथ्या डब्यात एक जरी लाल चकती निघाली, तरी बाकीची मोजणी बाजूला ठेवून त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवावा. येथे बहुमताची वाट पाहू नये.

विचारून गप्प बसू नये

पाहणी फसते ती बहुधा विचारल्यानंतर. आठ दिवसांच्या आत सर्वांना एकत्र बसवून निकाल सांगावा. कोणती गोष्ट लगेच करणार, कोणती दोन महिन्यांनी, आणि कोणती जमणार नाही व का, हे स्पष्ट सांगावे. “जमणार नाही” हे उत्तरही माणूस ऐकून घेतो, पण उत्तरच मिळाले नाही तर पुढच्या वेळी सर्व डब्यांत हिरव्याच चकत्या पडतील. आणि लाल चकती कोणाची, हे शोधत बसणाऱ्या मालकाने पाहणी न केलेलीच बरी.

वेळही पाहावी. पगाराचा दिवस, ईदच्या बोनसचे दिवस किंवा कोणाला नुकतेच काढून टाकलेले असताना हे करू नये. लोक गावी जाण्याच्या महिनाभर आधी करावे, म्हणजे सुधारणा पाहूनच ते गाडीत बसतील. सहा महिन्यांनी तेच सहा प्रश्न पुन्हा विचारावेत आणि लाल चकत्या घटल्या का ते पाहावे.

कायद्याची दिशाही हीच आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने १०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी मालक-कामगारांच्या संयुक्त वर्क्स कमिटीची तरतूद केली. २०१० च्या दुरुस्तीने २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती आणली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे आकडे कायम आहेत. ज्यांच्याकडे माणसे २० च्या आत आहेत, त्यांना समितीचे बंधन नाही. पण त्यांचा धंदा दोन-चार कसबी हातांवरच उभा असतो, आणि त्यांतला एक हात गेला तर मोठ्या कंपनीपेक्षा त्यांचेच नुकसान अधिक होते. सहा डबे, थोडा पुठ्ठा आणि एक दुपार, एवढ्या भांडवलात हे नुकसान टाळण्याचा प्रयत्न करून पाहण्यास हरकत नसावी.