"माझ्याकडे तर चालतं, सर!" : पॅकिंग आणि टेस्टिंगचा धडा एका छोट्या वेब सर्व्हरकडून



आमच्या एका बॅचमध्ये एक तरुण होता. किराणा दुकानांसाठी त्याने स्वतः बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. पहिली ऑर्डर मिळाली, दुकानात जाऊन बसवलं, तर ते उघडेचना! त्याच्या लॅपटॉपवर आधीपासून असलेली एक छोटी फाइल दुकानातल्या कॉम्प्युटरवर नव्हती. ते कसंबसं निस्तरलं. पुढे त्याने अपडेट दिलं, तेही ऐन दिवाळीच्या गर्दीत. दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, बिलाचा नमुना, दुकानदाराने भरलेलं सगळं पुसलं गेलं. दुकानदाराने पैसे परत मागितले.

तो मला म्हणाला, "पण माझ्याकडे तर चालतं, सर!"

माल चांगला होता. पण माल आणि ग्राहक यांच्यामधलं काम राहून गेलं होतं. हे काम कसं करतात, ते आज एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवरून शिकूया.

छोटा सर्व्हर, मोठी शिस्त

वेब सर्व्हर म्हणजे ब्राउझरने मागितलेलं पान काढून देणारा प्रोग्रॅम. काउंटरवरचा माणूसच म्हणा ना! यान क्नेश्के यांनी 2003 मध्ये 'लाइटी' नावाचा हलका वेब सर्व्हर आणला. एका सर्व्हरने एकाच वेळी 10,000 जोडण्या कशा सांभाळायच्या, हा त्या काळातला गाजलेला प्रश्न होता. लाइटी प्रत्येक गिऱ्हाइकामागे वेगळा नोकर ठेवत नाही. ज्याचं काम पुढे सरकू शकतं त्याच्याकडे लगेच वळतो. त्यामुळे मेमरी कमी लागते आणि छोट्या मशीनवरही तो चालतो.

पण मूळ कोड तयार झाला म्हणजे काम संपलं का? नाही. 'डेबियन' हे 1993 पासून स्वयंसेवकांनी चालवलेलं लिनक्स वितरण आहे. तिथे कोडचं पॅकेज करणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. तिथल्या पद्धतीतून चार गोष्टी घ्या.

1. कोऱ्या जागेत बांधणी. पॅकेज मेंटेनरच्या रोजच्या मशीनवर नाही, तर जवळपास रिकाम्या वातावरणात बांधून बघतात. पॅकेजला आणखी काय काय लागतं, याची यादी सोबत द्यावी लागते. बांधणीच्या यादीतलं काही राहिलं असेल, तर ते इथेच अडकतं, ग्राहकाच्या दारात नाही.

2. बसवा, अपडेट करा, काढा. आपण फक्त 'बसलं का?' एवढंच बघतो. डेबियनमध्ये जुन्या आवृत्तीवरून नवी नीट येते का, आणि पॅकेज काढल्यावर मागे कचरा राहतो का, हेही तपासणारी साधनं आहेत. शिवाय ग्राहकाचं घर रिकामं नसतं. वेब सर्व्हर साधारणपणे 80 नंबरच्या पोर्टवर बसतो. तिथे आधीच अपाची चालू असेल तर लाइटी सुरूच होणार नाही. असे प्रसंग मुद्दाम घडवून बघावे लागतात.

3. ग्राहकाच्या सेटिंगला परस्पर हात नाही. तुम्ही सेटिंगच्या फाइलमध्ये बदल केला असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती फाइल बदललेली असेल, तर डेबियन विचारतं, "तुमची ठेवू की नवी घेऊ?" तुम्ही नुसतं एंटर दाबलंत तर तुमचीच राहते. आपल्या मित्राचं दिवाळीतलं नुकसान या एका प्रश्नाने टळलं असतं!

4. थांबा. नवं पॅकेज आधी 'अनस्टेबल' विभागात जातं. या विभागाचं टोपणनाव 'सिड', म्हणजे 'टॉय स्टोरी' सिनेमातला खेळणी मोडणारा मुलगा! तिथे ते साधारणपणे 2, 5 किंवा 10 दिवस थांबतं. या काळात गंभीर नवा दोष सापडला, तर 'टेस्टिंग' विभागात जाणं अडतं. तिथून पुढे स्थिर आवृत्ती तयार होते, ती साधारण दोन वर्षांनी.

आपल्या धंद्यात काय?

तुम्ही म्हणाल, "सर, मी लोणची विकते, मला सर्व्हरचं काय?" ताई, तुमची बरणी तुमच्या स्वयंपाकघरात गळत नाही. पण कुरिअरच्या पोत्यात आडवी पडली तर? आधी एक बरणी बहिणीच्या पत्त्यावर पाठवा. एक बरणी महिनाभर फडताळात ठेवून मग उघडा. नवीन झाकण आणलंत तर सगळ्या मालाला एकदम लावू नका. दहा बरण्यांना लावून बघा.

आणि हो, आपल्या त्या मित्राने आता एक जुना कॉम्प्युटर घेतलाय. प्रत्येक वेळी तो कोरा करून त्यावर सॉफ्टवेअर बसवून बघतो. अपडेट आधी ओळखीच्या एकाच दुकानात आठवडाभर चालवतो, मग बाकीच्यांना देतो. आणि दिवाळीच्या पंधरवड्यात अपडेट द्यायचंच नाही, हा नियम त्याने स्वतःच केलाय.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमचा माल किंवा सेवा तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या एका माणसाच्या हातात द्या. शेजारी उभं राहून काही सांगू नका. तो कुठे अडतो, ते वहीत लिहा. ती यादी म्हणजे तुमचं पुढच्या आठवड्याचं काम.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत तपासून द्या, टिकून राहा!