अकरा गटांचा कौल आणि त्याचा अर्थ

पोटनिवडणुकीचा निकाल लागला की तो राज्याच्या नकाशावर मांडून पाहण्याची आपल्याकडे प्रथाच पडली आहे. एखाद्या गटात शंभर मते इकडची तिकडे झाली तरी राजधानीत कोणाचे आसन डळमळले आणि कोणाचे स्थिर झाले, याची चर्चा सुरू होते. इंग्लंडमध्ये नगरसेवकाचे निधन झाले किंवा त्याने राजीनामा दिला की त्या वॉर्डात बहुधा एखाद्या गुरुवारी पोटनिवडणूक होते. आणि तेथील पक्षही मागील मतदानाशी तुलना करून वाऱ्याची दिशा ठरवतात. परंतु त्या देशात बहुतेक ठिकाणी मतदार पक्षाला ओळखतो आणि जागा एखाद्या व्यक्तीमुळे रिकामी झालेली असते. नंदुरबार जिल्हा परिषदेच्या अकरा गटांत ५ ऑक्टोबर २०२१ रोजी जे मतदान झाले, त्याला हे माप लावता येत नाही. तेथे कोणी सदस्य मृत्यू पावला नव्हता, कोणी राजीनामाही दिला नव्हता. जागा रिकाम्या झाल्या त्या न्यायालयाच्या निकालाने.

प्रथम ही पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आदिवासीबहुल आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. साहजिकच जिल्हा परिषदेच्या ५६ गटांपैकी बहुसंख्य गट त्यांच्यासाठी राखीव होते. त्यावर इतर मागासवर्गीयांसाठी राज्याच्या कायद्यातील २७ टक्क्यांची तरतूद लागू केल्याने खुल्या प्रवर्गाला जवळजवळ जागाच उरली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच घालून दिलेली कसोटी अशी होती, की मागासलेपणाची पाहणी आयोगामार्फत करावी, त्या आधारे प्रमाण ठरवावे आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. राज्य शासनाने दहा वर्षांत ही पाहणी केली नाही. ४ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने नंदुरबारसह काही जिल्ह्यांतील मर्यादेपलीकडचे आरक्षण रद्द ठरविले आणि अकरा सदस्य एका दिवसात सदस्य राहिले नाहीत. १९ जुलै २०२१ रोजी ठरलेले मतदान कोरोनाच्या साथीमुळे लांबले आणि ऑक्टोबरात पार पडले.

ज्या चुकीसाठी कोणाही सदस्याला दोष देता येत नव्हता, त्या चुकीचे प्रायश्चित्त सदस्यांना आणि त्यांच्या मतदारांना घ्यावे लागले. खर्च झाला तो जनतेचा. आणि एकवीस महिन्यांत दुसऱ्यांदा मतपेट्यांऐवजी आलेली यंत्रे सांभाळण्यास बसले ते शिक्षक व कारकून. या गोष्टीचा उल्लेख निकालाच्या विश्लेषणात क्वचितच होतो.

निकालाचे आकडे

जानेवारी २०२० च्या मूळ निवडणुकीत भारतीय जनता पक्ष व काँग्रेस यांना प्रत्येकी २३, शिवसेनेला ७ आणि राष्ट्रवादी काँग्रेसला ३ जागा मिळाल्या होत्या. रिक्त झालेल्या अकरांपैकी सात भाजपच्या, दोन काँग्रेसच्या आणि दोन शिवसेनेच्या होत्या. पोटनिवडणुकीनंतर भाजपकडे चार, काँग्रेसकडे तीन, शिवसेनेकडे तीन व राष्ट्रवादीकडे एक अशी विभागणी झाली. म्हणजे भाजप २० वर आला, काँग्रेस २४ वर गेली, शिवसेना ८ आणि राष्ट्रवादी ४ वर पोहोचली.

या आकड्यांवरून एका पक्षाचा पराभव आणि तत्कालीन सत्ताधारी आघाडीचा विजय असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पहिली गोष्ट, हे अकरा गट नंदुरबार, शहादे व अक्कलकुवा या तीन तालुक्यांतले होते. जेथे आदिवासी लोकसंख्येचे प्रमाण जास्त तेथील गट त्यांच्यासाठी राखीव, आणि जेथे ते तुलनेने कमी तेथे इतर मागासवर्गीयांची जागा, अशी विभागणी असल्याने लोणखेडा, कोपर्ली, कोळदे यांसारखे गट निवडणुकीला आले. अक्राणीचे डोंगर, नर्मदाकाठची गावे किंवा नवापूरचा जंगलपट्टा यांचे मत या निवडणुकीत विचारलेच गेले नाही. तेव्हा अकरा गटांचा कौल म्हणजे जिल्ह्याचा कौल, असे म्हणणे हे अंगणातील पावसावरून सातपुड्यातील पाऊस सांगण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या जिल्ह्यात पक्षापेक्षा घराणे अधिक टिकाऊ आहे. माणिकराव गावित हे १९८१ पासून २०१४ पर्यंत सलग नऊ वेळा काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले. पण २०१४ मध्ये त्यांचा पराभव झाला तो राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आलेल्या विजयकुमार गावित यांच्या कन्या हीना गावित यांच्याकडून. चंद्रकांत रघुवंशी २०१९ मध्ये काँग्रेस सोडून शिवसेनेत गेले आणि त्यांच्यासोबत अनेक कार्यकर्तेही गेले. पोटनिवडणुकीतही हेच दृश्य दिसले. कोळदे गटातून सुप्रिया गावित आल्या. निकालामुळे सदस्यत्व गमावलेले उपाध्यक्ष राम रघुवंशी कोपर्ली गटातून पुन्हा निवडून आले. चिन्ह बदलले तरी मत बदलत नाही, अशी ही स्थिती आहे. तेथे मतांची टक्केवारी काढून पक्षाची चढउतार मोजणे म्हणजे भाड्याच्या घराच्या पाटीवरून मालक ठरविणे होय.

याची प्रचीती वर्षभरातच आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच सुप्रिया गावित जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. ५६ जणांच्या सभागृहात बहुमताला २९ मते लागतात आणि भाजपकडे स्वतःची २० होती. किमान नऊ मते इतर पक्षांच्या सदस्यांनी दिल्याखेरीज ही गोष्ट घडणे शक्य नव्हते. मतदाराने ऑक्टोबर २०२१ मध्ये जो तराजू एका बाजूला झुकविला, तो सभागृहाने बारा महिन्यांत दुसऱ्या बाजूला झुकविला. पक्षांतरबंदीचा कायदा पुस्तकात आहे. त्याचे भय मात्र तालुक्याच्या पातळीवर दिसत नाही.

प्रश्न मतदाराचा

मग या निवडणुकीतून हाती काय आले? ज्या समाजासाठी जागा राखीव होत्या, त्याला प्रतिनिधित्वाची हमी राहिली नाही. ज्या खुल्या प्रवर्गाच्या नावाने याचिका झाल्या, त्याला जागा उघड्या झाल्या, पण उघडे दार ज्याच्याजवळ साधने आहेत त्यालाच आधी सापडते. एकाने दुसऱ्यावर अन्याय केला असे यात नाही. आदिवासींचे आरक्षण त्यांच्या लोकसंख्येचे आहे, ते कोणाकडून हिरावून घेतलेले नाही. दोष आहे तो पाहणी वेळेवर न करणाऱ्या आणि प्रत्येक वेळी न्यायालयाने दार ठोठावल्यावर जागे होणाऱ्या शासनाचा, मग ते कोणत्याही पक्षाचे असो.

जिल्हा परिषद ही काही मानाची खुर्ची नव्हे. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, अंगणवाड्या, गावचे रस्ते हे सारे तिच्या हाती आहे. ज्या जिल्ह्यात कुपोषणाने बालके दगावतात, जेथून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत जातात आणि शाळेच्या हजेरीपटावरील नावे दिवाळीनंतर नुसती कागदावर राहतात, त्या जिल्ह्यात सदस्याचा एक महिनाही वाया जाणे हे महागात पडते. येथील शिक्षक हे रोज पाहतो. त्याने निकालाच्या दिवशी कोण जिंकले हे विचारावे, यात गैर काही नाही. पण त्यानंतरच्या वर्षभरात गटाच्या सदस्याने शाळेसाठी काय मागितले आणि सभागृहात कोणत्या बाजूने हात वर केला, हेही विचारावे. पोटनिवडणुकीचा खरा निकाल त्या उत्तरात असतो, आणि तो जाहीर करण्यासाठी कोणत्याही आयोगाची गरज लागत नाही.