कॉफीहाऊस कोणाचे?

आपल्याकडे पाहुणा आला की चहा पुढे येतो. तेव्हा वालूरच्या व्याख्यानमालेत कॉफीच्या दुकानांचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु सेलूला गाडी धरून पुण्या-मुंबईस गेलेली आपली मुले त्याच दुकानांत शिरतात. काही टेबलाशी बसतात, काही टेबल पुसतात. आमचा जन्म पुसणाऱ्यांच्या संघटना बांधण्यात गेला, म्हणून त्या बाजूने ही हकीकत सांगतो.

कॉफी पिकते ती मुख्यतः कर्नाटक, केरळ व तमिळनाडूच्या डोंगरांत. 1930 च्या सुमारास जगभर मंदी आली आणि मळेवाल्यांचा माल उठेना. देशातच गिऱ्हाईक तयार करावे म्हणून कॉफी सेस कमिटीने 1936 साली मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस उघडले. पुढे कॉफी बोर्डाने शहरोशहरी तशीच दुकाने काढली. हेतू माल खपविण्याचा होता. गप्पा लोकांनी आपणहून आणल्या. पत्रकार, विद्यार्थी, कवी, कार्यकर्ते एका कपावर दोन-दोन तास बसू लागले. मुंबईकरांना ही सवय इराण्याच्या हॉटेलाने आधीच लावली होती म्हणा!

1950 नंतरच्या दशकात बोर्डाने ही दुकाने बंद करण्याचे ठरविले. नोकरांच्या हाती बडतर्फीचे कागद पडू लागले. अशा वेळी संघटना काय करते? मोर्चा काढते, नुकसानभरपाई मागते. पण येथे कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांनी कामगारांना निराळी वाट दाखविली: दुकाने तुम्हीच चालवा. ऑगस्ट 1957 मध्ये बंगलोरला कॉफी कामगारांची सहकारी संस्था स्थापन झाली, ऑक्टोबरात दिल्लीस तिच्या नावाचे इंडियन कॉफी हाऊस उघडले. 1958 साली केरळात त्रिचूरलाही संस्था उभी राहिली. 'इंडिया'चे 'इंडियन' झाले; अक्षर एकच वाढले, पण मालक बदलला.

याची रीत समजून घेण्याजोगी आहे. कामगार भाग विकत घेऊन सभासद होतो. सभासद कार्यकारी मंडळ निवडतात. जो पंख्यासारख्या तुऱ्याची पगडी घालून कप आणून ठेवतो, तोच वार्षिक सभेत हिशेब विचारतो. हे सगळे सुरळीत चालते असे मात्र समजू नका. सहकारातील भाऊबंदकी आपणा मराठवाड्यातल्यांना कोणी शिकवायला नको. शिवाय कप स्वस्त ठेवायचा, गिऱ्हाइकाला उठवायचे नाही आणि मोक्याच्या जागेचे भाडेही भरायचे, हे गणित फार अवघड. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील कॉफी हाऊस तर आणीबाणीत, 1976 साली, पाडूनच टाकले.

आताच्या साखळीची घडण वेगळी. 1996 साली बंगलोरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे निघाले. त्या काळी तिथे कॉफीबरोबर इंटरनेट मिळे, आणि त्याचेच तरुणांना अप्रूप. 2012 च्या ऑक्टोबरात स्टारबक्स टाटांच्या भागीदारीत मुंबईस हॉर्निमन सर्कलला आले. तेथील कपाची किंमत ऐकून आपला शेतमजूर थक्क होईल. पण ती नुसत्या कॉफीची नव्हे. थंड हवा, खुर्ची, स्वच्छ संडास आणि 'काय घेणार?' असे पुनःपुन्हा न विचारले जाण्याची मुभा, याचे ते भाडे आहे. शहरातल्या एका खोलीत चौघे राहतात. मुलीला मैत्रिणीशी बोलायला, बेकार पोराला अर्ज भरायला जागा कोठे? ती गरज खरी आहे. तिला चैन म्हणून हिणवणे आम्हांस मान्य नाही.

आमचा प्रश्न पलीकडच्या बाजूचा आहे. 2019 मध्ये कॅफे कॉफी डेच्या संस्थापकांचा मृत्यू झाला, कर्जाचा डोंगर उघड झाला आणि पुढे शेकड्यांनी दुकाने बंद पडली. 1957 साली दुकान बंद होताना कामगारांनी ते हाती घेतले. या खेपेस तसे झाले नाही. कारण उघड आहे. वर्षा-दोन वर्षांत बदलणाऱ्या मुलांची संघटना बांधणे कठीण, आणि आजच्या जागेचे भाडे नोकरांच्या भागभांडवलात बसत नाही.

यंदाही परीक्षा संपल्यावर येथली मुले गाडी धरतील. ज्यांना अशा दुकानात काम मिळेल त्यांनी नेमणूकपत्र, पगारचिठ्ठी आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा, आणि कागद घरी आईजवळ ठेवावेत.