उसाचे पाचट : जाळावे, खड्ड्यात कुजवावे की शेतात पसरावे?

ऊस तुटून गेल्यावर शेतात एकरी सुमारे तीन ते चार टन पाचट राहते. खोडव्याला पाणी देताना अडचण नको व मजुरी वाचावी, म्हणून पुष्कळ शेतकरी ते पेटवून देतात. पाचट जाळू नये, असे गावपातळीवरील कार्यकर्ता सांगतो. परंतु त्याने हवेचे किती नुकसान टळते, असे विचारल्यास त्याला आकड्यांत उत्तर देता आले पाहिजे. हा हिशेब अवघड नाही.

कोणते वायू मोजावेत?

पाचट जळताना वा कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड या हिशेबात धरीत नाहीत. कारण तो ऊस वाढताना पानांनी हवेतूनच घेतलेला असतो व पुढील पीक तो पुन्हा घेते. मोजावयाचे ते मिथेन व नायट्रस ऑक्साइड हे दोन वायू. शंभर वर्षांच्या मुदतीत एक किलो मिथेन २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी, तर एक किलो नायट्रस ऑक्साइड २६५ किलोइतकी उष्णता वाढविते. म्हणून प्रत्येक वायूचे वजन या आकड्याने गुणावे व बेरीज करावी. पुढील प्रमाणे हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या (आयपीसीसी) २००६ च्या मार्गदर्शिकेतील आहेत.

एक टन कोरड्या पाचटाचा हिशेब

जाळल्यास : टनापैकी सुमारे ८०० किलो पाचट जळते. दर किलोमागे २.७ ग्रॅम मिथेन व ०.०७ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड निघतो. त्यांचा भार अनुक्रमे ६० व १५, म्हणजे एकूण ७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो.

सरीत पसरल्यास : पाचट उघड्यावर, हवेत कुजत असल्याने मिथेन नगण्य असतो. पाचटात सुमारे ०.४ टक्के, म्हणजे टनामागे ४ किलो नत्र असते. त्यातील एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने जातो, असे धरल्यास भार १७ किलो येतो. कुजण्यासाठी ८ किलो युरिया घातला, तर शेतात त्याचे २१ किलो आणखी मिळवावेत. एकूण ३८ किलो, म्हणजे जाळण्याच्या निम्मे. युरिया तयार करताना कारखान्यात निघणारे वायू यात धरलेले नाहीत.

खड्ड्यात कुजविल्यास : येथे एकच आकडा सांगणे योग्य होणार नाही. सेंद्रिय कचऱ्याच्या कंपोस्टसाठी कोरड्या वजनाच्या किलोमागे मिथेनचे प्रमाण ०.०८ पासून २० ग्रॅमपर्यंत दिलेले आहे. ही तफावत मुख्यतः हवेमुळे पडते. खड्ड्यात पाणी तुंबले व थर दाबले गेले, की हवेवाचून जगणारे जंतू मिथेन तयार करतात. अशा खड्ड्याचा भार जाळण्यापेक्षाही अधिक होऊ शकतो. तेव्हा ‘खड्डा केला म्हणजे काम झाले’ असे समजू नये. खड्डा उंचवट्यावर घ्यावा, ओल बेताची राखावी व थर वेळोवेळी वरखाली करावेत.

शेतकऱ्याचा लाभ

एकरी चार टन पाचट जाळल्यास भार ३०० किलो, पसरल्यास सुमारे १५० किलो येतो. शेतकऱ्यास याहून जवळची गोष्ट नत्राची आहे. चार टनांत १६ किलो नत्र, म्हणजे सुमारे ३५ किलो युरियातील नत्राइतके असते. आगीत ते बहुतेक हवेत जाते. पसरलेल्या पाचटातील नत्र लगेच नव्हे, पण हळूहळू पिकास मिळते. शिवाय जमिनीचा ओलावा टिकतो व तणही कमी उगवते.

काय करावे?

तोडणीनंतर पाचट बुडख्यांवरून बाजूस सारून सरीत सारखे पसरावे. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू खत पसरून पाणी द्यावे. रासायनिक खते व जिवाणू खत एकत्र मिसळू नयेत.

वरील आकडे सरासरीचे आहेत. जमीन व हवामानाप्रमाणे ते कमीअधिक होतील. कार्यकर्त्यांनी तोडणीपूर्वीच शेतकऱ्यांबरोबर बसून त्यांच्या एकरांचा हिशेब कागदावर मांडावा. पाचटास काडी लागल्यावर सांगितलेल्या सल्ल्याचा त्या हंगामात काही उपयोग होत नाही.